चिमण्यांपुढे दाणा फोडण्याची चाल

माघात बोरवंडीला आलात तर परसातली कुंपणं चिमण्यांनी वाकलेली दिसतील. चैत्रात याल तर औषधालाही एक सापडायची नाही. पाहुणे विचारतात, गेल्या कुठं? बसा, आधी ठकूबाईचं ऐका.

ठकूबाई फार मागली. पदरात एकुलती लेक, येसू. ती तापानं फणफणली तेव्हा आईनं नवस बोलला म्हणे: पोर वाचू दे, दरसाल पहिल्या कणसांची जुडी परसातल्या चिमण्यांची, आणि त्या जेवल्याबिगर लेक घास घेणार नाही. पोर वाचली. चिमण्या तर इतक्या आल्या, की धुणं वाळत घालायची सोय राहिली नाही.

मग दुष्काळ पडला. घरात दाणा म्हणाल तर तेवढ्या जुडीतला. लेकीचं खपाटीला गेलेलं पोट बघून ठकूबाईचं काळीज तुटायचं. नावं ठेवू नका तिला, आईच ती. एका सकाळी तिनं जुडी उतरवली, दाणे चोळून काढले आणि रिकामी कणसं पुन्हा वळचणीला टांगली. पाखरांना काय कळतंय, टोचतील आणि जातील दुसरीकडं, असं तिला वाटलं.

पण त्या गेल्या नाहीत. या वळचणीनं त्यांना कधी फसवलंच नव्हतं. उलट आसपासच्याही येऊन बसल्या, नुसता कोंडा टोचत राहिल्या. इकडं भाकरी पुढ्यात येताच येसूनं विचारलं, "आई, त्या जेवल्या का गं?"

"जेवल्या बाई," ठकूबाई म्हणाली.

येसू जेवली. पुढं एकदा ती परसात गेली, तर कणसांखाली चिमण्या मरून पडलेल्या. "आई, मी त्यांचं खाल्लं," एवढंच ती बोलली. मग तिनं अन्नापुढं तोंड मिटलं ते मिटलंच. आई पाया पडली, ऊर बडवून घेतला. पोर हाती लागली नाही.

पुढल्या साली पीक आलं. ठकूबाईनं भरली कणसं टांगली, दाणा दाताखाली फोडून तळहातावर धरला आणि म्हणाली, "खरा आहे गं, बघा तरी." चिमण्या आल्या, खाल्लं, आणि एका सकाळी साऱ्या उठून गेल्या. डोळे जाईस्तोवर ती दरसाल असा दाणा दाखवत राहिली, असं सांगतात.

आजही इथली बाई जुडी टांगताना आधी दाणा फोडून चिमण्यांना दाखवते. परस भरतो. मग एका सकाळी, पुन्हा फसायच्या आधीच, भरली कणसं तशीच टाकून त्या निघून जातात. ती कणसं कुणी उतरवत नाही, कुणी खातही नाही. दाणे गळतात, मुंग्या नेतात.