गळका करा आणि सोन्याची घागर

ऐका कऱ्यामाई, तुमची कहाणी.

आटपाट म्हणतात तसं एक नगर होतं. तिथं एक कुंभार होता, त्याची बायको येसू. हात गुणाचा, घर गरिबीचं. वैशाखातल्या तिजेला पितरांच्या नावानं नवा करा, म्हणजे मातीचा लहान घडा, पाण्यानं भरून ठेवायचा, असा तिथला रिवाज. एका साली मडक्यांची भट्टी, तो आवा, भाजून उघडला, तर एका कऱ्याला बारीक चीर. तीज तर उद्यावर आली. येसूनं चिरेवर लाख लावली, वरून गेरू फिरवला, आणि तो करा वेशीजवळच्या सगुणा म्हातारीला दिला. दिला खरा, पण तेव्हापासून येसूला घास गोड लागेना.

त्या नगराच्या राणीनं एक वसा काढला होता. नवरात्रात साऱ्या सवाष्णी देवळात बोलवायच्या. एकेकीनं उभं राहून आपला दोष सांगायचा, मग राणीनं ओटी भरायची. सावकारीण म्हणाली, माझा दोष हा, की मला कुणाला नाही म्हणवत नाही. प्रधानीण म्हणाली, मी उपास फार करते. राणी म्हणाली, माझं काळीज फार मऊ. साऱ्यांनी माना डोलावल्या. मग येसू उठली. भोळी बाई. तिनं खरा दोष सांगितला. चीर गेलेला करा लाख लावून दिला, म्हणाली.

मग एक हसली, मग दुसरी हसली, मग राणी हसली. येसूची ओटी रिकामीच राहिली.

पुढं काय झालं? कुणाची घागर उंबऱ्याला आपटून फुटली, तर येसूची लाख. कुणाचा रांजण पोरानं फोडला, तर येसूची लाख. कुणाचं दूध नासलं, तर तीही येसूचीच लाख. पाणवठ्यावर गेली की बाया म्हणत, "सरका गं, लाखाबाई आली." मडकी दारात पडून राहिली. आवा विझला, मग चूल विझली. खोटं बोलल्या त्यांच्या ओट्या भरल्या, खरं बोलली ती उपाशी. हा कुठला धर्म, बायांनो?

मग येसू उरली मडकी फोडायला नदीवर गेली. तिथं एक अनोळखी म्हातारी बसली होती. "बाई बाई, का रडतेस?" येसू सांगू लागली. म्हातारीनं हात आडवा केला.

"मला नको सांगू. माझं पाणी गळलं नाही. जिचं गळलं, तिला सांगितलंस का?"

येसूच्या ध्यानात आलं. साऱ्या नगराला सांगितलं होतं, सगुणेला नव्हतं. सगुणा विधवा, तिला देवळात बोलावणं नव्हतं. आणि हसणाऱ्यांतली एकही तिच्या दारी गेली नव्हती.

म्हातारी म्हणाली, "वसा घे. आपला दोष ज्याला लागला, त्याच्या दारी जावं. उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगावा. नवा करा आपल्या हातानं भरून द्यावा. ज्यांना नुसती गंमत हवी, त्यांच्यापुढं पदर पसरू नये. दुसऱ्यानं आपला दोष आपल्या दारी आणला, तर तो उंबऱ्याच्या आत ठेवावा. वसा मिरवू नये, विसरू नये, मध्येच टाकू नये."

मग येसूनं माती मळली, करा घडवला, भाजला, वाजवून पाहिला. सगुणेच्या दारी गेली, सांगितलं. सगुणेनं करा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तिजेच्या दुसऱ्या सकाळी कऱ्याच्या पाटाखाली ओल दिसली. मला वाटलं, गेलेल्या धन्यानं माझं पाणी लवंडून दिलं. शेवटी भांडलो होतो आम्ही, तो राग अजून गेला नाही म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव घेतलं नाही. गावाला सांगितलंस, आणि मला आत्ता सांगतेस होय गं?"

येसूनं पाय धरले. सगुणा रागावली, रडली, मग म्हणाली, "भर पाणी." करा भरून ठेवला. सकाळी पाहिलं, तर काठोकाठ. मग सगुणेनं गेलेल्या धन्याला पुन्हा नावानं हाक मारली.

इकडे राजवाड्यात नवल झालं. सोन्याची घागर गळू लागली, मग चांदीची गळू लागली, मग तांब्याची. राणीच्या ओठाला पाणी लागेना. नदीवरची तीच म्हातारी दारात आली. राणी म्हणाली, "आमचं काय चुकलं?"

म्हातारी कडाडली. "गरिबाच्या बाईनं काळीज उघडं केलं, त्याचा तू खेळ केलास. आपला दोष झाकलास, वर गुण म्हणून मिरवलास. तुझ्या घरी पाणी कसं राहील? जा तिच्या दारी. पालखी नको, दासी नको."

मग राणी पायी निघाली. येसूच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. जे बोलली, ते एका येसूनं ऐकलं. पाणवठा समोरच होता, बाया घागरी टेकून बघत होत्या. एक हाक मारली असती, तर सारं नगर गोळा झालं असतं. येसूच्या ओठाशी हाक आली. तिनं ती गिळली. नवा करा भरून राणीपुढं धरला. राणी उभ्या उभ्या प्याली. तिकडे घागरी गळायच्या थांबल्या, इकडे आवा पेटला.

मग बाया येसूभोवती जमल्या. "येसूबाई, राणी कशाला आली होती गं?"

येसू म्हणाली, "तहान लागली होती."

जसं सगुणेचं पाणी टिकलं, येसूची चूल पेटली, राणीची तहान भागली, तसं तुमचं आमचं होवो. घागरभर कहाणी ओंजळभर शब्दांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या पदरी सुफळ संपूर्ण.