हळद ओली होती

जोगनाथ महाराज त्या वर्षीही कवठदऱ्यात, खंडोबाच्या देवळामागे उतरले होते. यात्रेचा दिवस. देवळापुढच्या चरात बाभळीचे निखारे रसरसत होते. गावची रीत अशी, की नवस बोललेल्याने पायांना ओली हळद लावायची आणि भंडारा उधळत त्या इंगळांवरून पलीकडे जायचं.

हळदीच्या पायांनी गवरा काठावर उभी होती, शेजारी तिची लेक मैना. पाऊल पुढे निघेना.

लहानपणी हात भाजला, तेव्हापासून तिला विस्तवाचा धसका. चूलसुद्धा जाऊबाईंनी पेटवायची. पण मैना तापाने फणफणली, तेव्हा नवस बोलून गेली. पोर बरी झाली. आता?

"चुलीपुढं थरथरणारी ही, इंगळ तुडवणार!" रंगराव मानकरी मिशीत हसले. दरवर्षी महाराजांच्या पाठोपाठ पहिला मान त्यांचा. "घरी जा बाई, पाय धू."

लोक हसले. गवरा मागे वळली, तो समोर महाराज.

"नवस फेडला नाही, तर देव माझी मैना परत नेईल का हो, बाबा?"

"वेडी पोर! दिलेलं लेकरू देव परत मागतो का? जा खुशाल घरी." महाराजांनी मैनेकडे पाहिलं. "पण काल मैना पणती पाहून रडत होती. ते तिला कुणी शिकवलं, माय?"

गवराने भाजलेला हात पदराआड लपवला.

महाराजांनी मैनेला कडेवर घेतलं, चराला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन बसले. "यंदा मी पुढं चालणार नाही. रंगराव, या तुम्ही!"

रंगराव पुढे झाले. धग तोंडावर आली. समोर महाराजांची पाठ नव्हती. नुसते निखारे.

पाय उचलेना!

"आई!" पलीकडून मैनेची हाक आली.

गवराने खाली पाहिलं नाही. पळालीही नाही. लेकीकडे पाहत, पाण्याला निघाल्यासारखी चालत राहिली. भीती होतीच. तीही सोबत चालली. पलीकडे पोचली, मैनेचा मुका घेतला.

आणि परत वळली.

इंगळांवरूनच! रंगरावांपुढे येऊन तिने तो भाजलेला हात पुढे केला. "चला दादा. मी पुढं होते."

तिचा हात धरून रंगराव पार झाले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी हळूच पाय आखडून घेतले.

"आज पुढं कोण चाललं, रंगराव?"

रंगराव उठले. गवरा नको नको म्हणत असताना त्यांनी तिच्या पावलांवर कपाळ टेकवलं. मान वर केली.

त्यांच्या कपाळावरून हळद ओघळत होती.

धन्य तो मल्हारी! दोनदा नव्हे, तीनदा विस्तवातून गेलेली पावलं ती. आणि हळद अजून ओली होती.