नवं टोक आणि सांबर

डोंगरात सांबरांचे कळप मोकळे हिंडत, त्या काळची गोष्ट. केरू शिकाऱ्याच्या भात्यात बाणाची दोन टोकं शेजारी राहत. जुन्याची पाती कायम उघडी असत. नव्याची पाती उडताना मिटलेली असत आणि लागताच फाकत.

केरूने आपलं खटका दाबून बाण सोडायचं धनुष्य आडवं धरून दोघांना पेंढ्याच्या भाऱ्यावर मारून पाहिलं. जुनं वाऱ्याने हातभर ढळलं, तर नवं नेमकं मधोमध रुतलं. शिकारीसाठी केरूने नव्यालाच निवडलं.

"पेंढ्याला हाडं नसतात रे बाबा," जुनं म्हणालं. "तुझा निम्मा जोर उघडण्यातच जाईल."

"पोटात दुखतंय तुझ्या," नवं हसलं.

ओढ्याकाठी सांबर तिरकं उभं होतं. नवं सरळ गेलं, खांद्याच्या हाडावर आपटून फाकलं आणि तिथेच अडकलं. सांबर उधळलं. माग काढून थकलेला केरू घरी परतला.

सांबर तीन दिवस लंगडत राहिलं. दर पावलाला पाती मांस चिरत होती.

"नको ना चालूस," नवं टोक रडवेलं होऊन म्हणालं.

"पाण्यापर्यंत तरी जाऊ दे," सांबर कण्हलं. "तू जरा मिटून घे."

नव्याने सगळा जीव एकवटला. पण लोहाराने त्याला फक्त उघडायला शिकवलं होतं.