डोमाजीची पाळ

तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, सगळीकडे सरळ आहे. फक्त मधोमध ती पोटासारखी पाण्यात पुढे आली आहे. पाहुण्यांनी कारण विचारलं की म्हातारे उरकुडाबाबा आधी पायातल्या चपला काढतात, मग सांगू लागतात.

फार पूर्वी गावात डोमाजी पाटील होता म्हणे. ही पाळ त्यानंच बांधवून घेतली, पण मातीला कधी बोट लावलं नाही. उंचावर उभा राहून काठीनं दाखवायचा, इथं टाका, तिथं तुडवा.

एका श्रावणात तलाव काठोकाठ भरला आणि भर दुपारी पाळीच्या पायथ्यातून पाणी झिरपू लागलं. आधी नितळ होतं, मग गढूळ झालं. पाळ आतून पोखरली जाते आहे, हे डोमाजीला कळलं. खाली साठ घरं होती. भोकाचं तोंड तलावाच्या बाजूनं, पाण्याखाली होतं. पायानं चाचपल्याशिवाय ते सापडणार नव्हतं.

"उतरा रे कोणीतरी!" तो ओरडला.

कोणी हललं नाही. मागच्या पावसाळ्यात त्याच्या हुकमावरून उतरलेला झिंगरू वर आलाच नव्हता. झिंगरूची बायको सोनकुवर मातीचं टोपलं घेऊन तिथंच उभी होती.

"काठीलेच धाडा ना जी, पाटील," ती म्हणाली. "आजवर सारं तिनंच केलं."

डोमाजीला पोहता येत नव्हतं. तो उतरला तेव्हा त्याचे दात वाजलेले पाळीवर ऐकू आले, असं सांगतात. पाणी गळ्याशी आलं. चिखलात पाय सरकवत तो पुढे जात होता, तोच कुणी आतून घोटा धरावा तसा पाय ओढला गेला. गुडघा गेला. मांडी गेली. झिंगरू असाच गेला असेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

"सापडलं!" तो किंचाळला.

माणसं दोर घेऊन धावली.

"मले ओढू नोका! भोक उघडं पडंल! माह्या भोवताल माती टाका!"

पहिलं टोपलं सोनकुवरनं टाकलं. पाण्याखाली डोमाजी स्वतःच्या हातांनी मांडीभोवती चिखल ठासत राहिला. सांजेला गढूळ पाणी थांबलं. पण तलाव उतरेपर्यंत तीन दिवस तो तसाच उभा होता म्हणे, आणि त्याचं डोकं पाण्यावर धरून ठेवलं ते सोनकुवरनं. मग त्याला बाहेर काढलं, पाय मात्र पाळीतच राहिला.

आजही पाळीच्या कामाला गावप्रमुख आधी गळ्याएवढ्या पाण्यात उतरतो. तोवर कोणी टोपलं उचलत नाही. गेल्या वर्षी सरपंच रेवंताबाई उतरल्या. भीतीनं त्यांना रडू फुटलं. कोणी हसलं नाही, कोणी 'भिऊ नका' म्हटलं नाही. त्यांचा पाय तळाला लागला आणि मागोमाग सगळं गाव पाण्यात उतरलं.