चांदीच्या डोळ्यांचा दगड

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका सकाळी नदीकाठच्या एका मुलीचं पैंजण भिजलं. एवढंच झालं होतं.

ती रोज त्याच पायरीवर उभी राहून घागर भरायची. काल पाणी पायरीच्या खाली होतं, आज पैंजणाला लागलं. मुलगी दचकली. तशी ती कशालाही दचकायची. खार पळाली तरी, घागरीला घागर लागली तरी. त्यामुळे तिच्या दचकण्याकडे कुणी लक्ष देत नसे. पण त्याच क्षणी वर चौकीवरून तिच्या वडिलांची हाळी आली, "पाचवी रेघ!"

कालही पाचवी होती. परवाही. तिला कळू लागल्यापासून रोज पाचवीच होती.

त्या नदीवर सात चौक्या होत्या; सगळ्यांत वरची, पहिली, तिच्या वडिलांची. प्रत्येक चौकीखाली, पाण्यात, बारा रेघा कोरलेला एक उभा दगड होता. रोज सकाळी पहिल्या चौकीवाल्याने पाणी कितव्या रेघेला आहे ते बघायचं आणि हाळी द्यायची. खालच्याने ती पुढे द्यायची, त्याने त्याच्या पुढे. अशी ती राजधानीपर्यंत जायची. सातवी रेघ म्हणजे गुरं वर न्या. दहावी म्हणजे काठ सोडा. नदी डोंगराला मोठा वळसा घालून जायची, हाळी मात्र माणसाला उतरता न येणाऱ्या खिंडीतून सरळ जायची. त्यामुळे माणसांना पाण्याच्या आधी अर्धा दिवस मिळायचा.

हे दगड परमुलखातल्या एका पाथरवटाने कोरले होते. कामाला लागण्याआधी तो राजाला म्हणाला होता, "महाराज, तुमची सात माणसं माझ्याजवळ ठेवा. रेघ वाचायची कशी, घासायची कशी, बुजली तर पुन्हा कोरायची कशी, सगळं शिकवतो. चार पावसाळे लागतील."

"आणि दगड उभे करायला?"

"एक."

"मग दगडच उभे करा," राजा म्हणाला होता.

दगड उभे राहिले. पाथरवट गेला. पाण्यापासून वाचवतो तो देवच, असं म्हणून लोकांनी दगडांना शेंदूर लावला. दर वर्षी एक थर. रेघा बुजल्या. पुढच्या राजाने कौतुकाने प्रत्येक दगडाला चांदीचे डोळे पाठवले. दगडाला डोळे आले आणि बघायचं काम माणसांनी सोडून दिलं.

"आबा, पाणी वाढलंय," मुलगी धावत वर येऊन वडिलांना म्हणाली. "माझं पैंजण भिजलं."

"पैंजणावरून राज्य चालत नाही, बाळ. रेघ पाचवीच आहे."

"तुम्हाला दिसली?"

"दिसायला कशाला हवी? माझे वडील हीच द्यायचे. कधी काही बिघडलं?"

तेवढ्यात खालून, खिंडीपलीकडून, तांब्याच्या हंड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला. ठण, ठण, ठण. ती मुलीची ताई. दुसऱ्या चौकीवाल्याची सून, आता सातवा महिना लागलेली. तिचं घर अगदी काठाला होतं. वरची हाळी तिथे ऐकू जायची नाही. सासऱ्यांनी पुढे दिली की तिला कळायचं माहेरी सगळं ठीक आहे, आणि ती हंडा वाजवून सांगायची, इथेही ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी ती पायरी सापडेना. मुलगी वरच्या पायरीवर उभी राहिली, तर पाणी पोटरीला लागलं. शेजारी एक बगळा उभा होता.

"तुला काय वाटतं?" तिने घाबरत विचारलं.

"मला वाटत नाही, मी मोजतो," बगळा म्हणाला. "तुमच्या दगडाला डोळे आहेत, मला गुडघा आहे. काल पाणी गुडघ्याखाली होतं. आज मी नऊ पावलं मागे सरलोय."

मुलीने चौकीवर जाऊन खिंडीत तोंड करून हाक मारली. दुसऱ्या चौकीवाल्याला ती मामा म्हणायची.

"मामा! पाणी फार वाढलंय! ताईला वर घ्या!"

"कितवी रेघ?" खालून मामांनी विचारलं.

"रेघ दिसत नाही! पण पाणी वाढलंय!"

"रेघेशिवाय हाळी पुढे जात नाही, पोरी. तसा नियम आहे."

मग तिने ते केलं, जे कुणी कधी केलं नव्हतं. ती पाण्यात उतरली आणि करवंटीने शेंदूर खरवडू लागली. चांदीचा एक डोळा निखळून बुडाला. आबा वरून ओरडले, "अगं, देवाला खरवडतेस?"

"देवाच्या खाली रेघ आहे का बघते, आबा!"

रेघ होती. पाण्याच्या वर फक्त एकच उरली होती.

"मामा! अकरावी रेघ!"

खिंडीतून हसू आलं. "अकरावी? अगं, परवा पाल पडली म्हणून गाव गोळा केलं होतंस. माझ्या हयातीत सहावी कुणी दिली नाही. आबांना बोलव. त्यांच्या तोंडून येईल तीच खरी."

आबा आले. त्यांनी खाली बघितलं. एका डोळ्याचा दगड पाण्यातून जेमतेम डोकं काढून होता. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची सवय त्यांच्या आधी बोलली.

"पाचवी रेघ!"

"पाचवी रेघ!" मामांनी लगेच पुढे दिली. तिसऱ्या चौकीने दिली, चौथीने दिली. राजधानीत ती नीट लिहून घेतली गेली. आणि खालून, अगदी आनंदात, हंडा वाजला. ठण, ठण, ठण.

आबा मटकन खाली बसले. "अकरावी म्हणायचं होतं गं मला," ते पुटपुटले. पुन्हा उठून त्यांनी अकरावीची हाळी दिली. पण हाळी दिवसातून एकदाच. दुसरी ऐकायची नाही, असाही नियम होता. मुलगी दुपारपर्यंत ओरडत राहिली. घसा बसला. खिंडीतून तिचाच आवाज परत येत राहिला.

दुपारी वळशावरून पाणी खाली पोचलं.

सकाळ झाली. नदी खिंडीच्या तोंडाशी आली होती. दगड दिसत नव्हता. मुलीने उरलेल्या आवाजाने पुन्हा एकदा हाक मारली, "मामा! ताई!" आणि कान देऊन उभी राहिली. हंडा वाजेल म्हणून ती वाट बघत होती.

हंडा वाजला नाही.

बऱ्याच वेळाने उंचावरच्या दुसऱ्या चौकीवरून मामांचा आवाज आला. हसू त्यात नव्हतं.

"ऐकतोय गं पोरी. सांग, कितवी रेघ?"

मोजायचे दगड आणले आणि मोजणारी माणसं घडवली नाहीत, तर पाण्याची खबर शेवटी पाणीच घेऊन येतं.