महाराजांच्या अंगरख्यातली सळई

"साखळी ओढणाऱ्याच्या पोरीला मोजणीशाळेत घ्यायचं?" त्र्यंबकशास्त्र्यांनी भर दरबारात असं विचारलं, जणू कुणी म्हशीला पालखीत बसवा म्हणालं होतं.

सोनखांबची मोजणीशाळा म्हणजे काय साधीसुधी गोष्ट? तीन वर्षं जमीन मोजायला आणि नकाशे काढायला शिकायचं, मग मोजणीविशारद ही पदवी, सरकारी घोडा, आणि नकाशाखाली आपलं नाव! सगुणाचा बाप म्हादजी याच शास्त्र्यांसाठी तीस वर्षं जमीन मोजायची साखळी ओढत होता. दुसरं टोक सगुणाच्या हातात. नाव मात्र प्रत्येक नकाशाखाली शास्त्र्यांचं.

शाळेत यंदा एकच जागा होती आणि ती सगुणाला हवी होती.

महाराज हंबीरराजे हट्टी होतेच, पण त्याहून जास्त खोडकर. त्यांनी या जागेसाठी खास परीक्षा काढली होती. गडाच्या दरवाजापासून तलावापर्यंतची वाट मोजायची. जवळ कागद नाही, लेखणी नाही. महाराज शेजारून चालणार आणि काय वाटेल ते विचारणार. प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. खरं अंतर शास्त्र्यांकडे मोहोरबंद पाकिटात.

अकरा हुशार मुलं आली आणि अकराही बुडाली. विसावी साखळी टाकताना महाराज विचारायचे, "तुझ्या आजोळी म्हशी किती?" मुलगा म्हणायचा सात, आणि पुढची साखळी आठवी मोजायचा!

"पोरीलाही देऊ द्या परीक्षा," महाराज म्हणाले. "पण सगुणे, हरलीस तर तुझ्या बापाच्या हातातली साखळीही गेली."

तिनं बापाकडे पाहिलं. म्हादजीनं सरळ साखळी खांद्यावर टाकली आणि लोखंडाच्या दहा सळया उचलल्या.

त्या सळया पाहून शास्त्री फिसकन हसले. "सळया अडाण्यांसाठी. शिकलेला माणूस तोंडी मोजतो."

मोजणी सुरू झाली. म्हादजी पुढे जाऊन साखळी ताणायचा आणि तिच्या टोकाशी सळई रोवायचा. मागून सगुणा यायची, सळई उपटून पाठीवरच्या झोळीत टाकायची. म्हादजीचे हात रिकामे झाले की झोळीतल्या सळया पुन्हा त्याच्या हाती, आणि त्याच्या फेट्याच्या शेमल्याला एक गाठ. डोक्यात काही ठेवायची गरजच नाही.

"सगुणे, तुमच्या कोंबड्या किती?"

"सकाळी चौदा होत्या महाराज. आपले शिपाई आमच्या आळीतून गेले, आता बारा असतील."

"पस्तीसातून सतरा गेले?"

"अठरा उरले. पण घेऊन कोण गेलं, ते बघायला हवं."

महाराजांना हसू आवरेना आणि रागही आवरेना. पोरगी गप्पा मारतेय आणि चुकत नाही म्हणजे काय! ते दोन पावलं मागे राहिले. मग पुन्हा तिच्या बरोबरीला आले.

म्हादजीचे हात रिकामे झाले. सगुणानं झोळीत हात घातला. सळया नऊच!

तिनं पुन्हा चाचपलं. नऊच. झोळी फाटलेली नव्हती. तिनं हळूच डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. एवढा वेळ रमतगमत चालणारे महाराज आता हळद लागलेल्या नवरदेवासारखे ताठ झाले होते. मानसुद्धा वळेना. सगुणाच्या सगळं लक्षात आलं. तिनं नऊ सळया बापाच्या हातात दिल्या. म्हादजी तोंड उघडणार तोच तिनं डोळे वटारले. बिचाऱ्यानं मुकाट्यानं पहिली गाठ मारली आणि साखळी ओढली.

तलाव आला. शेमल्याला चार गाठी होत्या, सगुणाच्या झोळीत सहा सळया, आणि शेवटच्या सळईपासून पाण्यापर्यंत साखळीच्या अकरा कड्या. महाराजांनी गाठी मोजल्या, सळया मोजल्या आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"बोल. किती?"

"त्रेचाळीस साखळ्या, अकरा कड्या."

"फसलीस!" महाराज म्हणाले. "चार गाठी म्हणजे चाळीस आणि सहा, झाल्या शेहेचाळीस. साखळीवाल्याच्या पोरीला बेरीजही येत नाही!"

शास्त्र्यांनी खुशीत पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा पडला.

"वाचा की," महाराज म्हणाले.

"त्रेचाळीस साखळ्या," शास्त्री पुटपुटले, "अकरा कड्या."

सगुणानं तलावाकाठच्या आसनाकडे हात केला. "महाराज, इतकं चालून दमला असाल. बसा ना."

"मी उभाच बरा आहे."

"बसवणार नाहीच. हातभर सळई पाठीशी खोचली की वाकता येत नाही." जमलेले लोक खाली मान घालून हसू दाबू लागले. "पहिली गाठ दहाची होती, दहाही सळया रोवून झाल्या होत्या. तेवढ्यात एक सळई आपल्या अंगरख्यात गेली. नऊच उरल्या, म्हणून पुढच्या तिन्ही गाठी नऊ-नऊच्या. सदतीस झाल्या, वर या सहा. अंगरख्यातली सळई नुसतीच फिरायला आली होती, तिनं काही मोजलं नाही."

महाराजांनी पाठीमागे हात घालून सळई ओढून काढली. "कळलं होतं तर तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर महाराजांनी दुसरी चोरली असती."

हंबीरराजे धपकन आसनावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "जागा तुझी! आणि वर बक्षीसही माग."

सगुणानं बापाकडे पाहिलं, मग शास्त्र्यांकडे.

"महाराज, शाळेत येणारी मुलं तोंडी मोजतात आणि बुडतात. त्यांना साखळी शिकवायला माझ्या बापाला नेमा. आणि शास्त्रीबुवांनाही शिकायचं असेल, तर मागचं टोक धरायला माणूस लागतोच."

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि त्या हसण्यातच त्यांनी हातातली सळई म्हादजीपुढे धरली. "घ्या गुरुजी."