सायकलींचा हाडवैद्य

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा माळशेंद्र्याला डांबरी रस्ता नव्हता, एसटी नव्हती आणि तालुक्याचा दवाखाना सात कोसांवर होता. त्या काळी गावात बिरू नावाचा हाडवैद्य राहायचा. मोडलेलं हाड तो डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपायचा, जागेवर बसवायचा, वर अंडं आणि आंबेहळदीचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधायचा आणि सांगायचा, एकवीस दिवस हलायचं नाही. विसाव्या दिवशी पट्टी सोड म्हणून खुद्द पाटलानं दरडावलं, तरी त्यानं सोडली नव्हती, असं म्हणतात.

बिरूनं पन्नाशी गाठली त्या साली एक कासार माळाच्या उतारावर सायकलवरून पडला. बांगड्या फुटल्या आणि पायही मोडला. बिरूनं पाय बसवून दिला. पण कासाराचा सायकलवर असा काही राग बसला, की वाकडीतिकडी झालेली ती सायकल बिरूच्या अंगणात टाकून तो बैलगाडीत बसून जो गेला, तो परत फिरकला नाही.

आता बिरूनं तोवर सायकलीला कधी हात लावला नव्हता. त्यानं आपले डोळे मिटले, दांडी चाचपली, चाकं चाचपली आणि म्हणाला, सरकलंय. मग माणसाला जे करायचं तेच त्यानं सायकलीला केलं. ओढून सरळ केली, लेप लावला, कामट्या बांधल्या आणि सावलीत घोंगडीवर निजवली. एकवीस दिवस! गाव पोट धरधरून हसलं. बाविसाव्या दिवशी पट्टी सुटली आणि सायकल ठणठणीत उभी राहिली, असं म्हणतात. माझे आजोबा सांगायचे, की मधल्या एका दुपारी लोहाराच्या घरून बराच वेळ ठोकाठोकी ऐकू येत होती. येत असेल बुवा. आपण कशाला त्यात पडा?

मग पन्नाशीचा बिरू सायकल शिकायला निघाला. रोज सकाळी धोतर खोचून माळावर जायचा आणि रोज आपटायचा. त्याची बायको ठकू बांधावर कमरेला हात लावून उभी असायची. साऱ्या मुलखाची हाडं तुम्ही बसवता, तुमची कोण बसवणार, असं ती रोज विचारायची. एकदा त्याचा खांदाच निखळला. त्यानं दुसऱ्या हातानं तो जागेवर बसवला, धूळ झटकली आणि पुन्हा सायकलवर टांग टाकली. त्यानंतर तो कधी पडला नाही, असं म्हणतात.

झालं, नाद लागला. दहा गावच्या मोडक्या सायकली त्याच्या अंगणात येऊ लागल्या. कुणाची दांडी तुटलेली, कुणाचं चाक आऊट होऊन लडबडणारं. सगळ्यांना एकच औषध, लेप आणि एकवीस दिवस. कुणी घाई केली, की बिरू त्याला अंगणातून हाकलून द्यायचा. आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातची सायकल पुन्हा मोडत नसे. त्यामुळे लोक शिव्या देत का होईना, थांबायचे.

एका साली ज्वारीच्या काढणीत ठकूच्या पायाला घोणस चावली. पाय बघता बघता सुजला. बैलगाडीनं दवाखाना गाठायचा तर दिवस मावळला असता. अंगणात अकरा सायकली होत्या, पण सगळ्या बांधलेल्या. बैलानं तुडवून दांडी मोडलेली बिरूची स्वतःची सायकलही त्यांतच होती, आणि तिचा अठरावा दिवस होता. लोक म्हणाले, सोड पट्टी. बिरू विळा घेऊन सायकलीपाशी गेला आणि त्याचा हात चालेना. जन्मात त्यानं मुदतीआधी पट्टी सोडली नव्हती. माणूस भला होता, पण त्या घटकेला त्याला बायकोपेक्षा नेम मोठा वाटला, हे कबूल केलं पाहिजे. तो किती वेळ तसा उभा होता, हे गावात कुणी सांगत नाही.

शेवटी ओट्यावरून ठकू बोलली. "अवं, त्या लोखंडाला दुखत न्हाई. मला दुखतंय."

बिरूनं पट्ट्या कापल्या. ठकूला घोंगडीनं पाठीशी बांधलं आणि निघाला. त्या दिवशी ओढ्यातून गेलेल्या सायकलीची चाकं ओली झाली नाहीत, असं म्हणतात. माळावर चाकोरी उमटली नाही, आणि कच्ची दांडी करकरत राहिली पण तुटली नाही. दवाखान्याच्या पायरीशी बिरूनं पाय टेकला, ठकूला आत नेलं, आणि मागं सायकलीचे दोन तुकडे होऊन पडले.

ठकू वाचली. पायाची दोन बोटं मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर तीही राहिली असती. बिरूला फार लाज वाटली. घरी आल्यावर त्यानं उरलेल्या दहा सायकलींच्या पट्ट्या एका दमात कापून टाकल्या. त्यातल्या तीन पुढं मोडल्या, सात चालल्या. ठकू नंतर वीस वर्षं जगली आणि लंगडत का होईना, रोज त्याच्या मागं बसून शेतावर गेली.

आता माळशेंद्र्यात सायकली थोड्याच राहिल्यात. पण दारात नवी गाडी आली, मग ती मोटरसायकल असो की ट्रॅक्टर, तर बिरूच्या नावानं आधी घरातल्या बाईला तिच्यावर बसवून दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेतात. तिथं गाडी थांबवून तिला विचारायचं, दुखतंय का? ती नाही म्हणाली, की परत यायचं, मग हार आणि नारळ. दरसाल बाया हसून नाही म्हणतात. गेल्या साली मात्र एकाची आई हो म्हणाली. महिनाभर छातीत दुखत होतं, पण घरात कुणी विचारलंच नव्हतं. नवी गाडी तशीच पायरीशी उभी राहिली, आणि नारळ फुटायला नऊ दिवस लागले.